याला जुगाड म्हणू नका

मागच्या जूनमध्ये खंबाटकी घाट चढताना गाडी तापली. कडेला घेतली. बाबांनी बॉनेट उघडलं, टेकू लावला आणि आत वाकले. शेजारून एक ट्रक जोरात गेला, त्या वाऱ्याने बॉनेट जरा वर उचललं गेलं आणि टेकू खाचेतून सुटला. डोकं वाचलं, मनगट सापडलं. ७ टाके.

सर्व्हिस सेंटरला विचारलं, बॉनेटला गॅस स्ट्रट बसवून द्याल का? म्हणजे डिकीचं दार वर धरून ठेवणाऱ्या त्या दोन काळ्या नळ्या. गॅरेजवाले त्यांना शॉकर म्हणतात. उत्तर आलं, "सर, ते टॉप मॉडेललाच येतात. बाहेरून लावलेत तर वॉरंटी जाईल." गाडी ११ वर्षांची आहे. कुठली वॉरंटी? आणि माझ्या बॉनेटच्या आतल्या पत्र्यात स्ट्रटच्या ब्रॅकेटसाठी भोकं आहेतच, रबरी बुचं लावून बंद केलेली. म्हणजे पत्रा तोच, साचा तोच. फक्त दोन नळ्या वाचवल्या आणि त्याला नाव दिलं 'बेस व्हेरियंट'.

मग मी स्वतःच बसवले. ते बघून मित्र म्हणाला, "भारी जुगाड केलायस!" माझं भांडण आहे ते या शब्दाशी.

कारण जुगाडही मी आधी केला होता. भंगार बाजारातून कुठल्याशा गाडीच्या डिकीचे शॉकर आणले, दिसेल तिथे बसवले. बॉनेट असं उसळून उघडलं की मी खूश. बंद करायला मात्र दोन्ही हातांनी रेटावं लागलं, आणि आठवड्याभरात बिजागरीजवळचा पत्रा वाकलेला दिसला. नळीवर ४०० एन छापलेलं होतं. एन म्हणजे न्यूटन. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा जोर. ते मी वाचलंच नव्हतं. रील्समध्येही कुणी वाचत नाही. तिथे गाणं वाजतं, बॉनेट झुलत वर जातं, संपलं.

दुसऱ्यांदा आधी मोजलं. विमानप्रवासाआधी बॅग तोलायचा हुकवाला काटा असतो ना, तो बॉनेटच्या पुढच्या कडेला अडकवून जेमतेम उचललं. ८ किलो. ती कड बिजागरीपासून ९५ सेंटीमीटरवर. म्हणजे बॉनेट आडवं असताना बिजागरीभोवतीचा भार साधारण ७५ न्यूटन-मीटर. पूर्ण उघडल्यावर, ५५ अंशांवर, तो ४३वर येतो. अकरावीचं फिजिक्स, बाकी काही नाही. पुठ्ठ्याचे तुकडे आणि टाचण्या घेऊन जागा ठरवली. उघड्या अवस्थेत स्ट्रटची रेषा बिजागरीपासून १८ सेंटीमीटर लांबून जात होती. हिशेबाने प्रत्येकी १२० न्यूटन पुरतात; मी १५०चे घेतले, कारण थंडीत आतल्या नायट्रोजनचा दाब उतरतो. बंद असताना तीच रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे बॉनेट गपगुमान खाली बसतं.

वरचं टोक कंपनीच्याच भोकांत बसलं. खालच्यासाठी ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी कापून, वाकवून ब्रॅकेट केले. बॉनेट बंद असताना दांडी खालच्या बाजूला येईल असे स्ट्रट लावले, म्हणजे आतलं थोडंसं तेल सीलपाशी राहतं आणि सील सुकत नाही. नळीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. आत गॅस प्रचंड दाबाखाली असतो. बॉनेटच्या मध्यभागी कडक पट्ट्या ठोकायच्या नाहीत. माणूस आपटलाच तर तो पत्रा दबायला हवा. आणि कंपनीचा टेकू तसाच ठेवलाय. एक स्ट्रट गेला तर उरलेल्याला ते वजन पेलणार नाही, हेही त्याच हिशेबात दिसतं.

याला जुगाड म्हणता?

२०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि हा शब्द कॉर्पोरेट भाषणांत मिरवू लागला. तेव्हापासून आपली पाठ थोपटली जाते, पण नेमकी चुकीच्या जागी: मोजलं नाही, तरी चाललं, म्हणून. ज्या मेकॅनिकने ३० वर्षं कान लावून टॅपेट सेट केले, त्याचं कामही जुगाड आणि तारेने बांधलेला सायलेन्सरही जुगाडच. हा शब्द कंपनीच्या सोयीचा आहे. तिने केलं तर इंजिनिअरिंग, आपण तोच हिशेब मांडून केलं तर जुगाड, आणि मग "बाहेरचं काम" म्हणून धमकी द्यायला मोकळे.

कायद्याचा धाक घालणारेही भेटले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीमध्ये नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल बोलतं. माझं बॉनेट कशाच्या आधारावर उभं राहतं, हे माझ्या आरसीवर कुठेही लिहिलेलं नाही.

पावसाळ्यात डाव्या ब्रॅकेटला गंज धरला. रेड ऑक्साइड मारायचं राहिलं होतं, चूक माझीच. या रविवारी काढून घासणार आहे. बाबा रोज सकाळी कूलंट बघतात, अजूनही एक हात बॉनेटला लावूनच. मी त्यांना काही म्हणत नाही.