गाडीचा मेंदू बदलावा काय?

आपल्या घरांतील कितीतरी मुले दहावीनंतर गॅरेजात कामाला लागतात. कुणाचे वडील टॅक्सी चालवतात, तर कुणाच्या भावाने कर्ज काढून टेम्पो घेतलेला असतो. अशा घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: ‘गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवून देतात, ॲव्हरेजही वाढते म्हणतात. हे खरे काय? आपण करून घ्यावे काय?’ आज त्याविषयी लिहीत आहोत.

जुन्या गाड्यांना कार्बोरेटर असे. मिस्त्री स्क्रू फिरवून पेट्रोल आणि हवेचे प्रमाण जुळवी, पॉइंट घासून साफ करी आणि टायमिंग कानाने लावी. 2000 सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि हे काम एका धातूच्या डबीकडे गेले. तिला ईसीयू म्हणतात. इंजिन किती वेगाने फिरते, आत हवा किती येते, पाणी किती तापले, चालकाने पाय किती दाबला, याची खबर सेन्सर तिला देतात. त्यावरून ती क्षणाक्षणाला ठरवते की इंधन किती सोडायचे आणि केव्हा सोडायचे.

हे ती स्वतःच्या बुद्धीने ठरवत नाही. कंपनीने तिच्यात पाढ्यांच्या तक्त्यासारखी कोष्टके भरून ठेवलेली असतात. त्यांना मॅप म्हणतात. स्टिअरिंगच्या खाली ओबीडी नावाचे एक सॉकेट असते. तेथे लॅपटॉप जोडून हे मॅप बाहेर काढायचे, आकडे बदलायचे आणि पुन्हा आत भरायचे, यालाच रीमॅप म्हणतात. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत याने ताकद खरोखरच बरीच वाढते, कारण टर्बोचा दाब आणि इंधन दोन्ही वाढवता येतात. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत मात्र फरक थोडाच पडतो. तेथे मोठ्या आकड्यांची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता किंमत कोण मोजतो ते पाहू. स्विफ्ट डिझायर ही टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी. तिच्यातले 1.3 लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे, 75 अश्वशक्तीचे. तेच इंजिन दुसऱ्या काही गाड्यांत 90 अश्वशक्तीचे होते. पण ही 15 अश्वशक्ती वाढवताना कंपनीने नुसते आकडे बदलले नाहीत, टर्बोच वेगळा बसवला. 2020 मध्ये बीएस-6 नियम आल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. जे काम कंपनीने लोखंड बदलून केले, ते कोणी केवळ लॅपटॉपवर करून देत असेल, तर तो जादा भार जुन्याच टर्बोवर, जुन्याच क्लचवर आणि जुन्याच गिअरबॉक्सवर पडतो. ज्याचा हप्ता चालू आहे त्याची गाडी आठ दिवस गॅरेजात उभी राहिली, तर घरात काय होते हे आम्ही सांगायला नको.

दुसरी किंमत धुराची. इंधन वाढले आणि हवा पुरी पडली नाही की काळा धूर निघतो. इंधन लवकर सोडले की आतली उष्णता वाढते आणि नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याकडची पीयूसी तपासणी डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजते, हे वायू मोजत नाही. म्हणजे पीयूसीचा कागद हातात असला तरी गाडी स्वच्छ आहे असे होत नाही.

मोठ्या कंपन्याही हा खेळ खेळल्या आहेत. 2015 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन पकडली गेली. तपासणी चालू आहे हे तिच्या गाड्यांचा कॉम्प्युटर ओळखी आणि तेवढ्यापुरता स्वच्छ वागे. रस्त्यावर मात्र हेच वायू मर्यादेच्या 40 पटीपर्यंत निघत. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्या छोट्या गटाच्या मोजणीतून हे उघड झाले, त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे भारतीय तरुण होते. मोजमापाची यंत्रे गाडीत ठेवून त्यांनी ती रस्त्यावर चालवली, इतकेच. पुढे पुण्याच्या एआरएआय संस्थेने येथील गाड्या तपासल्या आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीला भारतातील सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावाव्या लागल्या.

हा धूर कोणाच्या छातीत जातो? बंद काचेच्या गाडीतल्या साहेबाच्या छातीत तो कमी जातो. पहाटे रस्ता झाडणाऱ्या आपल्या आईच्या, हायवेला लागून असलेल्या वस्तीतल्या लेकरांच्या आणि दिवसभर खिडकी उघडी ठेवून टॅक्सी चालवणाऱ्या बापाच्या छातीत तो अधिक जातो.

कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी हातची जाते. अपघात झाल्यास विमा कंपनीला पैसे नाकारायला कारण मिळते. तेव्हा पोटासाठी चालणाऱ्या गाडीला रीमॅप करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ॲव्हरेज हवे असेल तर एअर फिल्टर वेळेवर बदला, टायरमध्ये हवा योग्य ठेवा आणि इंजेक्टर तपासून घ्या.

पण गॅरेजातल्या मुलांना आमचे सांगणे वेगळे आहे. तुम्ही ही विद्या जरूर शिका. आज जो फक्त पाना धरतो त्याला हेल्परची मजुरी मिळते आणि जो स्कॅनर लावून दोष वाचतो त्याला मिस्त्रीचा मान मिळतो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. सेन्सर, वायरिंग आणि मल्टिमीटर हे आधी पक्के करा. कंपनीने दिलेले अधिकृत सॉफ्टवेअर भरतानाही मूळ फाइल जपून ठेवावी आणि बॅटरीला चार्जर लावावा, कारण मध्येच वीज कमी पडली तर डबी निकामी होऊ शकते. आणि गिऱ्हाईक धुराचा फिल्टर काढून मॅप बदलून मागेल तेव्हा नाही म्हणा. तो धूर शेवटी आपल्याच गल्लीत येतो.