तात्या विंचूचा वारसा आणि बोहाड्याचे मुखवटे

मनोर : भयपटाला विनोदाची जोड देणाऱ्या चित्रपटांना सध्या पुन्हा बरे दिवस आले आहेत. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'ने २०२४ मध्ये कोकणातील पिंपळावरचे भूत देशभर पोहोचवले. हे भूत मात्र संगणकावर घडले होते. मराठी प्रेक्षकाला हसवता हसवता घाबरवणारा पहिला मोठा खलनायक हाताने घडलेला होता. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधील (१९९३) तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी साकारला होता.

त्या बाहुल्याच्या यशाचे कारण त्याच्या मर्यादांतच सापडते. त्याची मान ताठ, चाल अडखळती, ओठांची हालचाल ठरावीक. तरीही तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासमोर प्रत्यक्ष होता. त्याच्यावर खरा प्रकाश पडत होता आणि नटाला खऱ्या वस्तूकडे पाहून दचकता येत होते. बाहुला आहे हे ठाऊक असल्याने हसू येते आणि तो हलतो म्हणून भीती वाटते. विनोदी भयपटाला नेमके हेच हवे असते.

असे कसब पालघर जिल्ह्याला नवे नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हार, मोखाड्याकडे गेले की बोहाड्याचा मुलूख लागतो. तेथे संबळाच्या तालावर रात्रभर मुखवटे नाचतात. रावण, त्राटिका, महिषासुर यांचे हे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात आणि स्थानिक कारागीरच ते घडवतात, रंगवतात.

या कलेचा चित्रपटाशी सांधा जुळवताना एक भान मात्र राखावे लागेल. बोहाड्यातील सोंग ही श्रद्धेची बाब असून मुखवट्याची पूजा होते. तो उचलून थेट भुताच्या तोंडावर चढवणे हा गावाचा अवमान ठरेल. घ्यायचा तो मुखवटा नव्हे, त्यामागचा हात. नवा राक्षस त्या कारागिराकडून घडवून घ्यावा, त्याला वाजवी मोबदला द्यावा आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव झळकावे.

हातकामाने खर्च वाचेलच असे नाही. बिघाड, दुरुस्ती आणि पुनर्चित्रीकरण यांत वेळ जातो. तथापि, संगणकीय दृश्यांत मोठ्या निर्मितीसंस्थांशी स्पर्धा करणे मराठी निर्मात्याला परवडणारे नाही. हाताने घडलेल्या राक्षसाच्या बाबतीत मात्र त्याच्याजवळ मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य उभे आहे. त्याची दखल वेळीच घेतली, तर चित्रपटाला स्वतःचा चेहरा मिळेल आणि कारागिराला उत्सवाबाहेरही काम.