गाडीनं पाटी बरोबर वाचली, पाटीच खोटी होती

मेहुण्यानं नवी गाडी घेतली. आरशाच्या मागं काचेला कॅमेरा, पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ, पट्टा सोडला की स्टिअरिंगला हलका झटका, सगळं त्यात आहे. रस्त्याकडेची वेगमर्यादेची पाटी वाचून वेग आपोआप त्या आकड्यावर आणायची सोयही आहे. गेल्या महिन्यात त्याच्यासोबत पुण्याला निघालो होतो. रस्ता मोकळा, वेग ८०. उड्डाणपुलाचा चढ सुरू झाला आणि मीटरच्या शेजारी लाल गोलात ३० उमटलं. गाडी मंदावायला लागली. ७०, ६०, ५०. मागं सिमेंटचा बल्कर होता. त्यानं जो हॉर्न दिला तो अजून कानात आहे. मेहुण्यानं ॲक्सिलरेटर दाबला, गाडीनं त्याचं ऐकलं आणि आम्ही पुढं निघालो. कुणाला काही झालं नाही.

मी वैतागून म्हणालो, "एवढे पैसे देऊन हे घेतलंस होय?"

"दाजी, गाडीचं काय चुकलं? पाटी आहे तिथं."

चहाला थांबलो तेव्हा त्यानं डॅशकॅमचं चित्रीकरण दाखवलं. पाटी होती. कठड्याला टेकलेली, जरा वाकलेली, पण लाल गोल आणि आत ३० स्वच्छ दिसत होतं. पुलाचं काम चालू असताना वळणरस्त्यासाठी लावलेली. काम संपून दोन वर्षं झाली, वळणरस्ता उखडला, ठेकेदार गेला, पाटी राहिली. (पुलाचं नाव घेत नाही. इथल्यांना कळलंच असेल.)

मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या पुलावरून मी महिन्यातून चार वेळा जातो आणि ती पाटी मला कधी दिसलीच नव्हती. डोळ्यांसमोर आली असणार, पण डोळ्यांनी ती वगळली. तुम्हीही वगळली असणार. रस्त्यावरच्या निम्म्या पाट्यांना काही अर्थ नसतो हे आपण वर्षानुवर्षं शिकलोय. कॅमेरा ते शिकलेला नाही. त्याला पाटी म्हणजे पाटी.

हे तंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर "सॅटेलाइटवरून गाडी थांबवतात" वगैरे बरंच फिरतंय. काचेमागचा कॅमेरा सतत समोरची चित्रं घेतो. त्यात लाल कड असलेला गोल दिसला की आतला आकडा वाचतो. हजारो पाट्यांची छायाचित्रं दाखवून त्याला हे शिकवलेलं असतं: ऊन, पाऊस, अर्धी झाकलेली, तिरकी. काही गाड्यांमध्ये जोडीला नकाशातली वेगमर्यादाही असते आणि दोन्हींचा मेळ घातला जातो. पुढं गाडी नुसता आकडा दाखवते, किंवा टुणटुणते, किंवा वेग कमी करते. माणसानं ॲक्सिलरेटर दाबला की माणसाचं चालतं.

युरोपीय संघानं हे सक्तीचं केलंय. २०१९ मध्ये नियम झाला, जुलै २०२२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलना लागू झाला आणि जुलै २०२४ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला. चालक ते बंद करू शकतो, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ते पुन्हा चालू होतं. तिथंही चुका होतात. जर्मनीत काही प्रवासी बसच्या पाठीमागं १०० चं गोल स्टिकर असतं. ते रस्त्यावरची पाटी समजून वाचलं गेल्याचे अनुभव लोक सांगतात. अमेरिकेत २०२० साली मॅकॅफी या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३५ च्या पाटीवरल्या ३ ला काळी चिकटपट्टी लावून त्याची मधली रेघ लांबवली. २०१६ च्या टेस्लानं तो आकडा ८५ वाचला आणि वेग वाढवायला सुरुवात केली. कॅमेरा तसा भोळा आहे. आपण जे लिहून ठेवू त्यावर तो विश्वास ठेवणार.

आणि आपण काय काय लिहून ठेवलंय! ट्रकच्या मागं "वेगमर्यादा ८०", कुठं ४०, कधी चक्क गोलात रंगवलेलं. सर्व्हिस रोडसाठीची ३० ची पाटी अशी उभी की तोंड हायवेकडं. एकाच खांबावर मोटारींना वेगळा आकडा, ट्रकना वेगळा. ग्रामपंचायतीनं हौसेनं पेंटरकडून लिहून घेतलेली मराठी आकड्यांतली "गाव सुरू, वेग २०", जी बहुतेक कॅमेऱ्यांना वाचताच येणार नाही. पावसाळ्यात वेलींत गेलेल्या पाट्या. आणि अर्थातच फ्लेक्स.

फ्लेक्सचं जरा सविस्तर सांगतो. आमच्या फाट्यावर ४० ची पाटी आहे आणि ती खरी आहे. गाव रस्त्याच्या एका बाजूला, डेअरी आणि शाळा दुसऱ्या बाजूला. तिथं ४० असायलाच हवं. गेल्या दिवाळीआधी पहाटे डेअरीत दूध घालून परतणारे आमच्या आळीतले एक काका तिथं गेले. गाडीवाला पळाला नाही, थांबला, दवाखान्यात घेऊन गेला. तो एकच म्हणत होता, बोर्ड दिसला नाही. लोकांनी त्याला मारायचं तेवढं मारलं. नंतर आम्ही उजेडात जाऊन बघितलं तर बोर्डावर, नेमका बोर्डाच्या उंचीला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा बांधलेल्या होत्या. मागून बघितलं की पाटीची कड दिसत होती.

८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणसाला भान यायला एक सेकंद धरा, मग ब्रेक, तर कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत साठेक मीटर जातात. ५० ला तेच अंतर तिशीच्या आत येतं. काका आणि ती गाडी यांच्यातलं अंतर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी होतं. म्हणून ज्यांना वाटतं की मी या तंत्राच्या विरोधात लिहितोय, त्यांनी हे लक्षात घ्यावं. मला ही सोय प्रत्येक गाडीत हवी आहे. आमच्या फाट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीनं आपणहून ४० ला यावं असं मला वाटतं. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या रकान्यात आहेत. हा रकाना पोलीस भरतात, त्यात सगळा दोष वेगावर ढकलायची सवय आहे हेही मान्य. तरी त्यातले निम्मे धरा.

सध्या आपल्या गाड्यांत काय आहे? जुलै २०१९ पासूनच्या मोटारींना ८० च्या पुढं गेलं की मधूनमधून बीप आणि १२० च्या पुढं सतत बीप. हा बीप रस्ता ओळखत नाही. समृद्धीवर १२० ची परवानगी असताना तो ८१ ला ओरडतो आणि आमच्या फाट्यावर ७९ नं गेलात तर गप्प बसतो. लोक त्यावर गाण्याचा आवाज वाढवतात. कॅमेरा निदान समोरची पाटी बघतो. एक्स्प्रेस-वेवर सपाटीवरून घाटात शिरताना मोटारीची मर्यादा १०० वरून ६० वर येते. समोर दोन ट्रक एकमेकांना ओलांडत असताना तो आकडा माणसाच्या नजरेतून सुटतो, कॅमेऱ्याच्या सुटायची शक्यता कमी. आणि तिथं आता कमानींवर सरकारचे कॅमेरे आहेत, सुटला की चलन घरी येतं.

इथं माझा खरा मुद्दा येतो. चलनाचा कॅमेरा आणि गाडीचा कॅमेरा, दोघांचा आधार एकच, ती पाटी. मग त्या पाटीला आधार कशाचा?

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२. केंद्रानं ठरवलेल्या कमाल वेगापेक्षा कमी मर्यादा एखाद्या रस्त्यावर घालायची तर राज्य सरकारनं किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं सार्वजनिक सुरक्षेचं किंवा रस्त्याच्या स्वरूपाचं कारण बघून राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य जागी पाट्या लावायच्या. एका महिन्याच्या आतलं तात्पुरतं बंधन असेल तर अधिसूचना लागत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं पाटी ही एका आदेशाची रस्त्यावरची प्रत आहे. मूळ आदेश कुठंतरी फायलीत असला पाहिजे.

तो शोधायला मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. पुलावरची ३० ची पाटी कोणत्या आदेशानं लावली, कधीपर्यंत, आणि काढायची जबाबदारी कुणाची, एवढे तीनच प्रश्न. पहिल्या कार्यालयानं कलम ६(३) खाली अर्ज दुसऱ्याकडं पाठवला. दुसऱ्यानं कळवलं, सदर फलक या कार्यालयाने लावलेला नाही. तिसऱ्यानं कळवलं, माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. गंमत बघा, मी फाट्यावरच्या ४० बद्दलही तेच विचारलं होतं. त्यालाही तेच उत्तर. खोटी पाटी आणि खरी पाटी, दोघी कागदावर सारख्याच बेवारस.

एक ओळखीचे पोलीस कर्मचारी म्हणाले, "साहेब, पाटी लावायला निधी असतो, काढायला नसतो." मला हे वाक्य चीड आणणारं वाटलं, पण ते खोटं बोलत नव्हते.

लोक म्हणतील, इथं सिग्नल कोण पाळत नाही, तुम्ही कॅमेऱ्याच्या गोष्टी कुठं घेऊन बसलात. माझं उलट म्हणणं आहे. सिग्नल न पाळणाऱ्यांसाठी मी हे लिहीत नाहीये, पाळणाऱ्यांसाठी लिहितोय. त्या पुलावर धोका कुणाला होता? ३० चा नियम पाळणाऱ्या गाडीला. बल्करवाला अनुभवी होता, त्यानं ती पाटी माझ्यासारखीच कधीच वगळली होती, आणि मोकळ्या हायवेवर पुढची गाडी अचानक मंदावेल असं त्याला वाटायचं काही कारण नव्हतं. उद्या अशा गाड्या वाढणार. मधल्या किमतीच्या गाड्यांतही ही सोय यायला लागली आहे. पाट्या अशाच राहिल्या तर दोनपैकी एक होईल. एक तर मागून धडक बसेल. नाही तर सगळे ती सोय बंद करून ठेवतील, शोरूममधलाच माणूस सांगेल "साहेब, हे आपल्याकडं ऑफच ठेवा", आणि मग आमच्या फाट्यावरही ती बंदच असेल. मेहुण्यानं त्या दिवसापासून बंद ठेवली आहे. मी त्याला चालू कर म्हणू शकलो नाही.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक वेगमर्यादेच्या पाटीच्या पाठीवर आदेश क्रमांक, तारीख आणि लावणाऱ्या कार्यालयाचं नाव लिहा. विजेच्या खांबाला नंबर असतोच की. तात्पुरती असेल तर मुदतही लिहा. रस्त्याच्या ठेकेदाराचं शेवटचं बिल तात्पुरत्या पाट्या उचलल्याचे फोटो आल्याशिवाय काढू नका. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या वेगमर्यादा, कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, एका यादीत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. अशी यादी झाली तर नकाशेवाल्यांना मिळेल, गाड्यांना मिळेल, चलन आलेल्या माणसालाही तपासता येईल. कायद्यात २०१९ साली कलम १९८अ आलंय. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांतले सुरक्षेचे निकष न पाळल्यानं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. झाकलेली पाटी हा देखभालीचा प्रश्न नाही तर काय आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

फ्लेक्सवाल्यांना वेगळं सांगत नाही. ज्याच्या वाढदिवसाचा तो होता त्याला आम्ही भेटलो. त्याला माहीतच नव्हतं, कार्यकर्त्यांनी बांधला होता. त्यानं उतरवला. आता तिथं दहीहंडीचा आहे, पाटीपासून हातभर बाजूला.

पुलावरची ३० ची पाटी मात्र आजही आहे. मी अपील केलंय. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा म्हणून निवेदन देतोय, आणि त्यासोबत जोडायला मला एकच पाटी नको, शंभर हव्यात. तुमच्या रस्त्यावर काम संपलं तरी उभी असलेली, झाडात किंवा फ्लेक्समागं गेलेली, किंवा भलत्या रस्त्याकडं तोंड केलेली पाटी असेल तर फोटो, गावाचं नाव आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा खाली टाका. फोटो गाडी बाजूला घेऊन, उतरून काढा. पुलावर थांबू नका, तिथला मी काढलाय.