तडजोड नव्हे, भरपाई

चोरी करणाऱ्या मुलाला शिक्षा झाली, तरी ज्याची सायकल गेली त्याच्या मनातली भीती जात नाही. न्यूझीलंडने १९८९च्या कायद्याने यावर मार्ग काढला. मूल, त्याचे कुटुंब, पोलीस आणि नुकसान सोसलेली व्यक्ती समोरासमोर बसतात. मुलाने काय भरून द्यायचे, ते तिथेच ठरते. माओरी कुळांची एकत्र बसून निर्णय घेण्याची रीत त्यामागे आहे.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्यात समूह समुपदेशन आणि समाजसेवेचे आदेश आहेत. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्तेही असतात. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक अहवाल द्यायचा असतो. पण नुकसान झालेल्याला काय हवे, हे विचारल्याशिवाय तो अहवाल अपुराच.

समोरासमोर बसण्याचा हा मार्ग इतर गुन्ह्यांत वापरताना एक इशारा मात्र हवाच. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘मिटवून घे’ म्हणणे म्हणजे हा मार्ग नव्हे, तो तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. संवाद स्वेच्छेचा हवा, आधी दोन्ही बाजूंशी वेगवेगळे बोलणे हवे, आणि कधीही उठून जाण्याची मुभा हवी. यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात. सरकारने प्रत्येक जिल्ह्यात ती नेमावीत.