थायलंडमध्ये हॉटेल टाकायचंय? पण ते नक्की कुणाच्या नावावर होणार?

पटाया किंवा फुकेतमधलं चालू हॉटेल, समुद्र पाच मिनिटांवर आणि किंमत पुण्यातल्या दोन चांगल्या फ्लॅट्सएवढी. अशी रील तुमच्यापर्यंतही आली असेल. खाली कमेंट्सची रांग: "भाऊ, डिटेल्स पाठवा." एजंट डिटेल्स पाठवतो, पण एक गोष्ट तो बहुतेक वेळा फोनवरच सांगतो. "कंपनीत ५१ टक्के थाई माणसं दाखवावी लागतात. टेन्शन घेऊ नका, आमची माणसं आहेत."

टेन्शन नेमकं इथेच घ्यायचं आहे.

५१ टक्क्यांची भानगड काय?

थायलंडमध्ये १९९९ चा परदेशी व्यवसाय कायदा आहे. परदेशी लोकांना मोकळेपणाने करता येत नाहीत अशा धंद्यांच्या त्यात तीन याद्या आहेत. हॉटेल तिसऱ्या यादीत येतं. खाण्यापिण्याची विक्रीही त्याच यादीत. आपण मिसळीच्या दुकानालाही हॉटेल म्हणतो, पण इथे त्या फरकाने काही बिघडत नाही. खोल्या द्या नाहीतर थाळी वाढा, नियम तोच.

कंपनीचे निम्मे किंवा त्याहून जास्त शेअर्स परदेशी माणसाकडे असले की कंपनी 'परदेशी' ठरते आणि तिला वेगळा परवाना लागतो. थाई व्यावसायिक अजून परदेशी स्पर्धेला तयार नाहीत, या कारणाने ही यादी केलेली आहे. त्यामुळे वीस-तीस खोल्यांसाठी हा परवाना मिळेल, अशा भरवशावर राहू नये.

एजंट इथे अमेरिकन मालकांची उदाहरणं देतात. ती खरीही असतात, पण अमेरिकेचा थायलंडशी १९६६ चा करार आहे आणि त्यात अमेरिकनांना बहुमताची मालकी घेता येते. भारतीयांसाठी तशी सोय नाही. दुबईचा अनुभवही इथे लावू नका. तिथे २०२१ पासून बहुतेक धंद्यांत शंभर टक्के परदेशी मालकी चालते.

मग 'आमची माणसं' म्हणजे कोण?

बऱ्याचदा अकाउंटंटच्या ऑफिसातला क्लार्क, ड्रायव्हर किंवा त्यांचे नातेवाईक. शेअर्स त्यांच्या नावावर, पैसा सगळा तुमचा. बदल्यात त्यांच्याकडून तारीख न टाकलेल्या शेअर ट्रान्सफरवर सही घेऊन ठेवतात आणि तो कागद तुम्हाला 'सेफ्टी' म्हणून देतात.

कायद्यात याला नॉमिनी म्हणतात आणि हा फौजदारी गुन्हा आहे. कलम ३६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख ते दहा लाख बाट दंड, किंवा दोन्ही. नाव देणारा थाई आणि नाव वापरणारा परदेशी, दोघंही त्यात येतात. आता गंमत बघा. उद्या तो क्लार्क फिरला आणि हॉटेल माझंच म्हणाला, तर तुम्ही कोर्टात काय दाखवणार? तोच सेफ्टीचा कागद. म्हणजे गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या हाताने.

मागची काही वर्षं थाई सरकार पटाया, फुकेत, को सामुई अशा पर्यटनाच्या भागांत नॉमिनी कंपन्या शोधतंय. थाई भागीदाराकडे शेअर्स घेण्याएवढे पैसे कुठून आले, याचे बँकेचे कागद मागितले जातात. दरमहा पगारावर जगणाऱ्या माणसाकडे ते नसतात.

जमीन आणि लायसन्स

परदेशी माणसाला थायलंडमध्ये सहसा जमीन विकत घेता येत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. पट्ट्याची कमाल मुदत ३० वर्षं. जाहिरातीत ३० अधिक ३० अधिक ३० लिहिलेलं असतं, पण पुढच्या दोन तिशींना जमीनमालकाच्या शब्दापलीकडे फारसा आधार नाही. तीन वर्षांवरचा पट्टा भूमी कार्यालयात नोंदवलाच पाहिजे.

दुसरं, २००४ च्या हॉटेल कायद्याचं लायसन्स. आठ खोल्या आणि ३० पाहुण्यांपर्यंतच्या छोट्या निवासांना सूट आहे, पण तीही आधी कळवून. त्यावरची प्रत्येक जागा रोजच्या भाड्याने द्यायची तर लायसन्स हवं. चालू हॉटेल घेताना ते कुणाच्या नावावर आहे आणि इमारत हॉटेल म्हणून मंजूर आहे का, हे आधी बघा. अपार्टमेंट म्हणून बांधलेली इमारत हॉटेल म्हणून खपवणं ही काही फक्त आपल्याकडची कला नाही.

आणि मालक असलात तरी वर्क परमिटशिवाय काउंटरवर बसता येत नाही. साधारण नियम असा की एका परदेशी परमिटमागे २० लाख बाट भांडवल आणि चार थाई कर्मचारी.

आपल्याकडचा कायदा विसरू नका

भारतात राहणारी व्यक्ती एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. चौघांचं कुटुंब म्हणजे दहा लाख डॉलर, असं गणित लोक मांडतात. ते तेव्हाच बसतं, जेव्हा चौघंही खरे सहमालक असतात. बायकोची मर्यादा वापरून नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर शेअर्स घेता येत नाहीत.

परदेशातल्या अनलिस्टेड कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती थेट परदेशी गुंतवणूक मानली जाते. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरावा लागतो. मग प्रश्न येतो त्या ५१ टक्क्यांचा. थाई माणसाच्या नावावरच्या शेअर्ससाठी तुम्ही पाठवलेला पैसा या फॉर्ममध्ये कशाखाली दाखवणार? खरं उत्तर देता येत नाही, म्हणून काहीजण हवालाचा रस्ता धरतात आणि तिथून पुढे प्रकरण ईडीपर्यंत जाऊ शकतं.

सरळ मार्गाने पाठवलं तरी हाताशी जादा रोकड लागते. वर्षाला १० लाखांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. दोन कोटी पाठवायचे तर ३८ लाख वेगळे बाजूला. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात, पण तोपर्यंत अडकतात.

नंतर दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे शेअर्स दाखवावे लागतात, हॉटेल तोट्यात असलं तरी. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो.