मुंबईत बचाव मेला नाही

टेबल टेनिसच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण एकच कथा उगाळतात. फेब्रुवारी १९५२, मुंबई, आशियातील पहिली जागतिक स्पर्धा. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला, अजिंक्यपद घेऊन गेला आणि बचावात्मक खेळ तेथेच संपला. कथा फारच आटोपशीर आहे. संशय घ्यावयास तेवढे पुरे.

बचाव म्हणजे काय, हेच या कथाकारांना उमगलेले नसते. त्यांच्या डोळ्यांपुढे असते १९३६ चे प्राग. तेथे पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांनी पहिल्याच गुणासाठी दोन तासांहून अधिक काळ चेंडू इकडून तिकडे ढकलला. ते ढकलणे होते, चॉप नव्हे. (जाळी पुढे पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आली, ती अशाच कंटाळ्यापायी.)

चॉप मारणारा टेबलापासून मागे, गुडघ्यांत वाकून उभा राहतो. चेंडू उसळीच्या माथ्यावर असताना तो घाई करीत नाही; त्याला खाली उतरू देतो. मग किंचित उघडी बॅट वरून खाली व पुढे नेत चेंडूला मागून-खालून घासतो. आक्रमकाने दिलेली टॉपस्पिन त्याला उलटवावी लागत नाही. चेंडू तसाच गरगरत परत निघतो आणि दिशा बदलल्यामुळे समोरच्यासाठी तीच बॅकस्पिन ठरते. आक्रमकाचेच भांडवल त्याच्यावर उलटते! अशा फटक्याला भित्रेपणा म्हणून मुलांना त्यापासून परावृत्त करणारे प्रशिक्षक आजही आहेत, आणि आधार म्हणून ते मुंबईचीच कथा सांगतात.

सातोने हिरावला तो आवाज. दाणेदार रबरावर चेंडू टक् वाजे. बचावपटू डोळ्यांइतकाच कानांनी खेळे. स्पंजने तो टक् गिळला, वेगही वाढविला. आघात खरा होता. परंतु १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसता स्पंज बाद केला आणि रबरासह त्याची जाडी ४ मिलिमीटरांवर बांधली. पुरुषांत बचावपटूंचे जुने राज्य परतले नाही, हे मान्य. पण चीनची थोंग लिंग १९८१ साली जगज्जेती झाली ती चॉपच्या बळावर, मुंबईनंतर २९ वर्षांनी. कोरियाचा जू से-ह्युक तर २००३ मध्ये पॅरिसला पुरुषांच्या अंतिम सामन्यात होता. चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरांचा होऊन फिरकी मंदावल्यानंतर!