दोन दिवसांची सुई

चेहऱ्यावर बारीक सुया टोचल्या की सुरकुत्या ओसरतात, हे एक विधान. त्या टोचायला ब्युटीशियनला दोन दिवसांत शिकवता येतं, हे दुसरं. ‘कॉस्मेटिक अ‍ॅक्युपंक्चर’च्या झटपट वर्गांच्या जाहिरातींत ही दोन्ही जोडीनं विकली जातात. पहिल्याला पुरावा तोकडा आहे आणि दुसरं घातक आहे. पण ‘पार्लरवाल्यांनी आपली पायरी ओळखून राहावं’ असं म्हणत जे याला विरोध करतात, त्यांचंही मला खंडनच करायचं आहे.

हा वाद कोणाचा आहे, ते कोयलीवरून सांगते. कोयली म्हटलं की आम्हा वडोदरेकरांना रिफायनरी आठवते. सोव्हिएत मदतीनं उभी राहिलेली आणि 1965 साली सुरू झालेली. तिच्या आधारानं कोयली, बाजवा, करचिया, उंडेरा ही गावं धड गावं राहिली नाहीत आणि पुरती शहरंही झाली नाहीत. अशा वस्तीत घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची मांडून सुरू केलेलं पार्लर म्हणजे बाईच्या हाती स्वतःचा पैसा येण्याची हुकमी वाट. नवऱ्याचं कंत्राटी काम शटडाऊनपुरतं, पार्लर बारमाही. तेव्हा हा वाद श्रीमंत बायकांच्या सुरकुत्यांचा आहे असं समजून पान उलटू नका. मला काळजी आहे ती वर्गाची फी भरणाऱ्या बेनची.

तिचा पूर्वपक्ष आधी मांडते, आणि तो मुद्दाम दुबळा करून मांडत नाही. ती म्हणते: दिवसभर माझ्या हाताखालून चेहरेच जात असतात. कोणाची कातडी पातळ, कोणाला ब्लीच झोंबतं, हे मला बोटांना कळतं. थ्रेडिंग करताना रक्ताचा ठिपका येतोच. मी मुलींचे कान टोचते, तेव्हा कोणी डॉक्टर आडवा येत नाही. ही सुई तर 0.16 ते 0.20 मिलिमीटर जाडीची, इन्सुलिनच्या सुईहून बारीक, आणि भरीव. तिच्यातून काही आत सोडायचं नाही की बाहेर ओढायचं नाही. शहरातले डॉक्टर बोटॉक्सवर बंगले बांधणार, आणि मी जन्मभर फेशियल-वॅक्सिंगच करत बसायचं का?

यातलं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही. बाकीच्यांकडे एकेक करून पाहू.

सुरकुत्यांचं काय होतं? अ‍ॅक्युपंक्चर ही सगळीच भोंदूगिरी आहे असं मी म्हणत नाही. जुनाट वेदनांवर सुमारे 18 हजार रुग्णांची माहिती एकत्र करून 2012 मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. खऱ्या सुईचा उपयोग खोट्या सुईपेक्षा थोडा जास्त दिसला. थोडाच, पण दिसला. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र एवढंही हाताशी नाही. वर्गांतून ज्याचा दाखला दिला जातो तो 2013 चा कोरियातला अभ्यास तिसाहून कमी स्त्रियांवरचा, तीन आठवड्यांत पाच वेळा सुया टोचून केलेला. तुलनेला दुसरा गट नाही, आणि कोणाला काय दिलं हे सगळ्यांना ठाऊक. संशोधकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलं आहे. जाहिरातीत येईपर्यंत तो ‘शास्त्रानं सिद्ध’ होतो.

‘कोलॅजेन वाढतं’ हा दावा तर सरळ उसनवारीचा आहे. मायक्रोनीडलिंग नावाच्या उपचारात शेकडो सूक्ष्म टोच्यांनी त्वचेला ठरवून इजा करतात. ती भरून येताना कोलॅजेन तयार होतं, आणि मुरुमांच्या खड्ड्यांवर त्याचा उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत. कॉस्मेटिक अ‍ॅक्युपंक्चरमध्ये साऱ्या चेहऱ्यावर वीस-तीस, फार तर चाळीसएक सुया लागतात. एका उपचाराचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर कसा चढवायचा? टोचल्यावर चेहरा लालसर आणि किंचित भरलेला दिसतो, त्यालाच ग्राहक ‘ग्लो’ म्हणते. सूज उतरली की ग्लोही उतरतो. ‘बोटॉक्सला नैसर्गिक पर्याय’ हेही तसंच. बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप तीन-चार महिने अडवून धरतं. बारीक सुई तो निरोप अडवत नाही. मग ती पर्याय कशाला?

आता धोक्याकडे. सुई बारीक आहे म्हणून काही होत नाही, असं म्हणणाऱ्याला मी फक्त डोळ्याखालचा बिंदू विचारीन. अ‍ॅक्युपंक्चरच्या भाषेत पोटाच्या नाडीवरचा पहिला बिंदू, चेंगछी, बुबुळाच्या बरोबर खाली, डोळा आणि हाडाची कड यांच्या मधल्या फटीत असतो. तिथे सुईची दिशा चुकली तर प्रश्न काळ्या डागावर थांबत नाही. खांद्यावरचा ज्यानचिंग बिंदू चेहऱ्याच्या उपचाराला जोड म्हणून घेतला जातो, आणि तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला हेगू बिंदू पारंपरिक शिकवणीतच गरोदर बाईला वर्ज्य आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारी सासू, नुकतीच दिवस गेलेली सून आणि मधुमेहाची शेजारीण एकाच खुर्चीवर एकामागून एक येऊन बसतात. त्यांना काय विचारायचं, हे दोन दिवसांत शिकवून होत नाही.

आणि रक्त. दूषित सुई टोचली गेली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के, सी ची सुमारे 1.8 टक्के, एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के. हे आकडे मुख्यतः इंजेक्शनच्या पोकळ सुयांवरून आलेले आहेत. भरीव सुईत रक्त कमी राहतं आणि धोका कमी होतो, हे मान्य. पण बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, सात दिवस तग धरतो. गुजरातेतल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. 2009 च्या सुरुवातीला मोडासा आणि आसपासच्या गावांत हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि अनेक माणसं दगावली. कारण सापडलं ते पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि सिरिंजा. तिथे गुन्हे पार्लरवालीवर नव्हे, डॉक्टरांवर दाखल झाले. नुसत्या पदवीनं सुई स्वच्छ होते असं समजणाऱ्यांनी मोडासा विसरू नये.

पार्लरचं उदाहरण हवं असेल तर ते अमेरिकेत आहे. न्यू मेक्सिको राज्यात 2018 मध्ये एका बाईला एचआयव्ही झाल्याचं कळलं. तिला दुसरा कुठलाच धोका नव्हता, फक्त एका स्पामध्ये तिनं स्वतःचं रक्त काढून चेहऱ्यात टोचून घेण्याचं फेशियल केलं होतं. तपासात स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या. त्या स्पाशी संबंधित आणखी रुग्ण पुढे आले, मालकिणीला तुरुंगवास झाला. हे अ‍ॅक्युपंक्चर नव्हतं, ठीक. पण विनापरवाना हात, फोडलेली कातडी आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द, ही सामग्री तीच होती.

कान टोचण्याचा मुद्दा राहिला. तो बिनतोड वाटतो खरा, पण उलटा फिरतो. इंग्लंडमध्ये 1982 च्या कायद्यानं अ‍ॅक्युपंक्चर, गोंदणं, कान टोचणं आणि केस काढण्याचं इलेक्ट्रोलिसिस यांना एकाच रांगेत बसवलं. चारही कामांसाठी स्थानिक नगरपालिकेकडे नोंदणी हवी आणि जागेची स्वच्छता तपासली जाते. म्हणजे कान टोचायला नियम नाही म्हणून सुईलाही नको, असं होत नाही. कान टोचण्यालाही हवा, असं होतं. कॅलिफोर्निया आणखी कडक आहे. तिथे सौंदर्यव्यवसायाच्या परवान्यावर इलेक्ट्रोलिसिसची सोडून दुसरी धातूची सुई त्वचेत घालताच येत नाही, आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या परवान्याला 3,000 तासांचं शिक्षण लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 च्या मार्गदर्शक पुस्तिकेत डॉक्टर नसलेल्या माणसासाठी 2,500 तास सांगितले, त्यांतले निदान 1,000 प्रत्यक्ष कामाचे. ज्यांना शरीररचना आधीच येते त्या डॉक्टरांच्या मर्यादित प्रशिक्षणालाही 200 तास. आठ तासांचे दोन दिवस म्हणजे 16 तास होतात, त्यातही चहा, जेवण आणि फोटोंचा वेळ धरून.

इथपर्यंत वाचून डॉक्टरमंडळी खूश झाली असतील, तर त्यांना सांगते की त्यांचा युक्तिवादही याच आकड्यांवर तुटतो. आरोग्य संघटनेनं डॉक्टर नसलेल्यांसाठी वेगळा अभ्यासक्रमच आखून ठेवला आहे. म्हणजे दार बंद नाही, उंबरा उंच आहे. भारतातही केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2003 मध्ये योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांना अ‍ॅक्युपंक्चर करू देण्याची वाट ठेवली, आणि फेब्रुवारी 2019 च्या आदेशानं त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालनं 1996 मध्ये आणि महाराष्ट्रानं 2015 च्या अधिनियमानं त्यासाठी कायदे केले. ब्युटीशियननं हा उंबरा ओलांडू नये असं कुठेच लिहिलेलं नाही. तिनं तो पूर्ण चढावा, एवढंच.

मराठी माणसाच्या मनात या विद्येशी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव जोडलेलं असतं, आणि काही जण त्याचा वापरही करतात. सोलापूरचे कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांनी ही विद्या भारतात आणली नाही. ती आणली त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. वैद्यकीची पदवी आणि युद्धभूमीवरची रुग्णसेवा पाठीशी असताना ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, शिकले, आणि मग कलकत्त्यात उपचार सुरू केले. बसूंसारख्या माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हावंसं वाटलं, हे वर्गांच्या जाहिरातींत येत नाही.

मग कोयलीच्या बेननं काय करायचं? माझं उत्तर असं की कातडी फुटते तिथे तिनं पूर्ण शिक्षण घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि फुटत नाही तिथलं सगळं राज्य तिचं आहे. ते राज्य लहान नाही. बोटांनी दाब देण्याचं अ‍ॅक्युप्रेशर, चेहऱ्याचा मसाज, डोक्याची मालिश यांत कोणाला रक्ताची भीती नाही, आणि ग्राहकाला जी विश्रांती हवी असते ती इथे सुईइतकीच मिळते. सुरकुत्यांचंच म्हणाल तर सुईपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा साध्या सनस्क्रीनच्या बाजूनं आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी 903 प्रौढांवर साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारं होणं इतरांपेक्षा 24 टक्के कमी दिसलं. वडोदऱ्याच्या उन्हात ओढणीनं चेहरा गुंडाळून अ‍ॅक्टिव्हा चालवणाऱ्या आमच्या मुली अर्धं शास्त्र पाळतातच. उरलेलं अर्धं ब्युटीशियननं शिकवावं. किती लावायचं, कधी पुन्हा लावायचं, आणि गालावरचा कुठला डाग पाहिल्यावर ‘बेन, हे माझं काम नाही, डॉक्टरला दाखवा’ असं म्हणायचं. हे शेवटचं वाक्य ज्या वर्गात शिकवलं जाईल, त्याची फी मी वसूल धरीन.

ज्या बाईला सुईच शिकायची आहे तिच्यासाठीही रस्ता हवा, आणि तो तिला समजणाऱ्या भाषेत हवा. या शहरात त्याची परंपरा आहे. 1890 मध्ये सयाजीरावांच्या काळात त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन उभं केलं, ते कारागिराच्या हाताला शास्त्र मिळावं म्हणून, आणि तेही देशी भाषेतून. रंगकाम असो की सुतारकाम, तिथे रीतसर अभ्यास होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज शरीररचना, जंतुसंसर्ग, सुईचा कोन आणि खोली, नाकारायचे रुग्ण हे सगळं गुजरातीत, मराठीत, हिंदीत शिकवणारा, संध्याकाळी चालणारा, हप्त्यानं फी घेणारा दोन-अडीच वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तर पार्लर सांभाळून बायका तो करतील. जास्त खर्च येईल, हे खरं. तो सरकारनं आणि उद्योगांनी उचलावा. कौशल्यविकासाच्या नावानं याहून निरर्थक गोष्टींवर पैसे गेले आहेत.

रिफायनरीच्या गेटावर परमिटशिवाय वेल्डिंगचं मशीन पेटवता येत नाही, हे या वस्तीतल्या पोरालाही ठाऊक असतं. परमिट मागणारा अधिकारी वेल्डरचा अपमान करतो, असं तिथे कोणी म्हणत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये याच रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागून दोन माणसं गेली, तेव्हा तर नियमांवर चिडणारेही गप्प झाले. सुईच्या बाबतीत हेच म्हटलं की ते बायकांच्या पोटावर पाय देणं कसं ठरतं, ते मला कळत नाही. उलट, दोन दिवसांच्या कागदावर काही विपरीत घडलं तर वर्ग चालवणारा दुसऱ्या शहरात असेल आणि पोलीस दारात येतील ते कोयलीच्या घराच्या.

तेव्हा बेन, फी भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. हे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मंडळाकडे नोंदवलेलं आहे? वापरलेल्या सुया 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातून कोण उचलून नेणार? शिकाऊ हाताखाली किती जिवंत चेहरे, आणि शेजारी उभा राहणारा कोण? हिपॅटायटिस बी ची लस घेतल्याशिवाय तुम्ही मला सुई देणार आहात का? त्या लसीचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. चारांपैकी एकाचंही उत्तर लेखी मिळालं नाही, तर पैसे भरू नका.